डॉक्टरांची खुर्ची

बहुमत हातात असताना लिफ्ट का झाली नाही, असं कोणी विचारलं की भाऊ खिडकीबाहेर बघू लागत. कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. लिफ्टमध्ये आरसा असावा की नसावा, यावर लिफ्टवाल्यांचं वर्षभर एकमत झालं नव्हतं.

इमारत चार मजल्यांची आणि कमिटी सात जणांची. त्यात चार लिफ्टवाले आणि तीन जिनेवाले. जिनेवाले सगळे तळमजल्यावरचे, म्हणजे ज्यांना जिना लागतच नाही असे. पण जिना चढल्याने माणसाची प्रकृती कशी ठणठणीत राहते हे ते फार कळकळीने सांगत. त्यांचे पुढारी हेच कमिटीचे अध्यक्ष. आता बहुमत लिफ्टवाल्यांचं आणि अध्यक्ष जिनेवाल्यांचा, हे कसं, असं कोणीही विचारील. तर आपल्यातल्या कोणाला अध्यक्ष करावं यावर लिफ्टवाल्यांचं एकमत झालं नाही, म्हणून जुनेच राहिले.

हे एकमताचं खूळ तिसऱ्या मजल्यावरच्या प्रोफेसरांचं. निवडून आल्या दिवशी भाऊंच्या घरी चहा पिताना ते म्हणाले होते, "बहुमताने माणसं दुखावतात. आपण चौघं मित्र आहोत. आपण जे करू ते एकमताने. एक जण जरी नको म्हणाला, तरी नको." दुसऱ्या मजल्यावरच्या कंत्राटदारांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, वा. आणि भाऊ म्हणाले, "माझं काय, मला सगळं मान्य आहे." हे वाक्य भाऊ विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्मभर म्हणत आले होते आणि त्याच्या बळावरच हेडक्लार्कच्या पुढे गेले नव्हते. असो. त्या दिवसापासून लिफ्टवाल्यांनी एकमेकांना दुखावलं नाही, आणि दुसरंही काही केलं नाही.

बाकीच्यांसाठी लिफ्ट म्हणजे सोय होती. भाऊंसाठी ती आई होती. चौथ्या मजल्यावर आई राहत होत्या. खुब्याचं हाड मोडल्यावर दवाखान्याच्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवरून वर आणलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. फाटकाजवळ झाडाखाली एक बाक होता. त्यावर त्या आणि अध्यक्षांच्या आई रोज संध्याकाळी बसत. आता एकीला उतरता येत नव्हतं आणि दुसरीला चढता येत नव्हतं. बाल्कनीतून एकमेकींना हात करायच्या आणि दुपारी फोनवर बोलायच्या. मुलं एकमेकांच्या विरोधी पक्षात आहेत, हे दोघींच्या लेखी मुलांचे खेळ होते.

लिफ्टचा विषय निघाला की आई वाटाणे सोलता सोलता म्हणायच्या, "मी आता एकदाच खाली जाणार. तेही चौघांच्या खांद्यावर." त्यांना तो विनोद वाटायचा. भाऊ उठून बाल्कनीत जायचे.

अशात डॉक्टर मुलीकडे राहायला दुसऱ्या शहरात निघून गेले. जाताना आपली खुर्ची तेवढी कमिटीच्या खोलीत ठेवून गेले. जुन्या दवाखान्यातली, रुंद हातांची, दणकट लाकडी खुर्ची. "माझी आठवण," म्हणाले. तेव्हा कमिटीतली जागाही रिकामी झाली आणि खुर्चीही. मतं झाली तीन-तीन, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत दुप्पट.

पण अध्यक्षांनी मनाचा मोठेपणा दाखवला. भर बैठकीत म्हणाले, "जागा तुमच्या माणसाची होती. तुम्हीच नाव सांगा. आम्ही तिघे डोळे मिटून पाठिंबा देऊ. फक्त एकच नाव सांगा. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं, तर मात्र मला सुचवावं लागेल."

भाऊ तर गहिवरले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "काही म्हण, माणूस दिलदार आहे."

"अहो, त्यांना ठाऊक आहे," बायको म्हणाली.

"काय?"

"तुमचं एक नाव व्हायचं नाही ते."

भाऊंना हे लागलं. कचेरीत दोन साहेबांची भांडणं मिटवलेला माणूस तो. मुत्सद्देगिरी हा आपला एकमेव गुण आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. तीन माणसांकडून एक नाव काढायचं, त्यात काय एवढं!

पहिली बैठक भाऊंच्या घरी झाली. कंत्राटदार चौथ्या मजल्यावर पोचले ते धापा टाकत, आणि कोचावर कोसळून म्हणाले, "लिफ्ट झालीच पाहिजे." प्रोफेसर म्हणाले, "झालीच पाहिजे." इथवर एकमत झालं. मग कंत्राटदारांनी आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं.

"उत्तम," प्रोफेसर म्हणाले. प्रोफेसर 'उत्तम' म्हणाले की पुढे 'पण' येतो. "पण तो तुमच्याच घरात राहतो. एका घरात दोन मतं, हे लोकांना कसं दिसेल?"

"माझं त्याच्याशी एक अक्षर जमत नाही, प्रोफेसर. वेगळंच मत समजा."

"मग तो लिफ्टच्या विरोधात जाईल."

कंत्राटदारांनी बिस्किट बशीत परत ठेवलं. प्रोफेसरांनी मग आपलं नाव काढलं, निवृत्त हेडमिस्ट्रेस बाईंचं. शिस्त, वाणी, अनुभव. ते ऐकून कंत्राटदारांचा चेहरा एकदम चौथीतल्या मुलासारखा झाला. बाईंनी त्यांना त्यांच्याच मजुरांसमोर जिन्यात वाळू सांडल्याबद्दल उभं केलं होतं, आणि ते राहिले होते. "त्या बाई असतील तर मी नाही," एवढंच बोलून त्यांनी चप्पल शोधायला घेतली.

भाऊंनी घाईघाईने तिसरं नाव पुढे केलं. शेजारचे पेन्शनर. सज्जन माणूस. कंत्राटदार नुसते खाकरले, प्रोफेसरांनी चष्मा पुसला. तेवढ्यावर भाऊ म्हणाले, "नको असेल तर राहू दे. माझं काय, मला सगळं मान्य आहे." आपलं नाव इतक्या चपळाईने मागे घेणारा मुत्सद्दी इतिहासात दुसरा नसेल.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी अध्यक्ष भेटले. म्हणाले, "मेव्हण्याचं नाही ना जमलं? चालायचंच. आणि बाईंचं नाव चांगलं होतं हो."

भाऊंच्या हातातली भाजीची पिशवीच गळून पडली. फितुरी! त्यांनी आधी कंत्राटदारांवर संशय घेतला, मग प्रोफेसरांवर, आणि एक संध्याकाळभर स्वतःच्या बायकोवर. मग दुपारची सुट्टी काढून लवकर घरी आले तेव्हा आई फोनवर सांगत होत्या, "आणि तो वाळूवाला असा उठला गं, चहासुद्धा टाकून."

"आई!"

"अरे, तिला दुसरी करमणूक काय आहे?" आई म्हणाल्या. पुढच्या बैठका दार लोटून झाल्या. आईंनी खुर्ची दाराजवळ सरकवून घेतली.

बातमी फुटल्यावर सल्ले आलेच. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने चिठ्ठ्या टाका म्हणून सांगितलं. चिठ्ठीत कोणाची नावं टाकायची यावर एकमत झालं नाही. पेन्शनरांना आपलं नाव मागे घेतल्याचं कळलं आणि त्यांनी भाऊंशी बोलणं सोडलं. तीस वर्षांचा शेजार, रोज सकाळी वर्तमानपत्राची अदलाबदल, ती बंद. कोणीतरी म्हणालं, दोन माणसं अर्धी अर्धी मुदत बसवा. ही कल्पना प्रोफेसरांना एवढी आवडली की मेव्हणा आधी बसणार की बाई आधी बसणार यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मुळात असं चालतं का, हे विचारायला भाऊंनाच सोसायट्यांच्या नोंदणी कचेरीत पाठवण्यात आलं.

कचेरी पाचव्या मजल्यावर होती. लिफ्टला 'बंद आहे' अशी पाटी होती, आणि पाटीचा रंग उडालेला होता. भाऊ चढले. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे काम तळमजल्यावर." तळमजल्यावरच्या गृहस्थांनी तेही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं आजवर कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे ते वर विचारावं लागेल." भाऊ पुन्हा वर गेले. बाई जेवायला गेल्या होत्या. भाऊ बाकावर बसून राहिले आणि त्यांना आयुष्यात प्रथमच अध्यक्षांच्या जिन्यावरच्या भाषणाची चीड आली. जेवून आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो काका, एवढं कशाला? तुमच्यात एक नाव काढा ना सरळ."

महिना संपत आला. कंत्राटदार आणि प्रोफेसर एकमेकांशी भाऊंच्या मार्फत बोलू लागले होते. "त्यांना सांगा, मेव्हणा बीकॉम आहे." "त्यांना विचारा, कधी?" दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये भाऊ असे वर-खाली करत राहिले की इमारतीत लिफ्ट नाही असं कोणी म्हणू नये. रात्री पाय चोळत बसले की आई आतून विचारायच्या, "झालं का रे?" भाऊ म्हणायचे, "होत आलंय." हे खोटं बोलताना त्यांना लाज वाटायची. आई दोन वर्षांपासून हेच ऐकत होत्या आणि दोन वर्षांपासून 'बरं' म्हणत होत्या.

आणि मग शेवटच्या संध्याकाळी, दमून भागून, तिघांनाही एकदम रात्रपाळीवाले सुचले.

रात्रपाळीवाले प्रोफेसरांच्या समोरच्याच दारात राहायचे. पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रीची ड्युटी, दिवसभर झोप. इमारतीत कोणाशी भांडण नाही, कारण भांडणाच्या वेळी ते झोपलेले. कोणाशी मैत्री नाही, कारण मैत्रीच्या वेळीही झोपलेले. कंत्राटदारांनी खूप आठवून पाहिलं, एक आक्षेप सापडेना. प्रोफेसरांनी 'पण' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढे काही नसल्यामुळे मिटलं. शिवाय माणूस तिसऱ्या मजल्यावरचा, म्हणजे आपलाच.

तिघे मिळून त्यांच्या दारात गेले. ते डोळे चोळत बाहेर आले.

"आम्हाला फक्त एक विचारायचंय," प्रोफेसर म्हणाले. "तुम्ही मेव्हण्यांच्या बाजूचे की बाईंच्या?"

"मी कोणाच्याच बाजूचा नाही हो."

त्या उत्तराने तिघांनाही भरून आलं. कंत्राटदारांनी प्रोफेसरांना मिठी मारली. भाऊ चौथ्या मजल्यापर्यंत जवळजवळ धावत गेले. "आई, झालं! एकमत झालं!" आईंनी पोळी लाटता लाटता थांबून त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी फोन न करता गप्प बसल्या. ही बातमी फुटू नये असं त्यांनाही वाटलं असावं.

अध्यक्षांनी नाव ऐकलं, क्षणभर विचार केला, आणि म्हणाले, "उत्तम निवड." दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत, दिलेला शब्द पाळून, तिघा जिनेवाल्यांनी हात वर केले. रात्रपाळीवाले डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना मोठी होत होती.

लगेच लिफ्टचा ठराव आला. बाजूने मतं मागितली तेव्हा भाऊंचा हात वर झाला, प्रोफेसरांचा झाला, कंत्राटदारांचे तर दोन्ही झाले. मग विरोधातली मतं मागितली. अध्यक्षांसकट तीन हात वर झाले, आणि चौथा, अगदी हळू, डॉक्टरांच्या खुर्चीतून.

"अहो," प्रोफेसर कानात म्हणाले, "ही विरोधातली चाललीत."

"माहीत आहे," रात्रपाळीवाले म्हणाले. "जिन्याशेजारची ती लिफ्टची मोकळी जागा आहे ना, जिथे सायकली ठेवतात? तिला लागून वर माझी झोपायची खोली आहे. दिवसभर लिफ्ट भिंतीपलीकडे घरघर करणार. मी झोपायचं कधी?"

"मग हे आधी नाही का सांगायचं!" कंत्राटदार ओरडले.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मेव्हणा आणि बाईंचं विचारलंत."

महिनाभर खल झाला होता. माणसाचं घराणं, स्वभाव, शिक्षण, जिन्यातली वाळू, कशाकशाची चर्चा झाली होती. लिफ्टसाठी माणूस शोधताना लिफ्ट हवी का, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"मी विचारलं होतं," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय वगैरे नव्हता. उलट थोडं ओशाळल्यासारखंच वाटत होतं. "नाव कळल्यावर. जाता जाता."

भाऊ जिना चढायला लागले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचे पाय थांबले आणि ते पायरीवरच बसले. त्यांना रडू येत होतं. जिनेवाल्यांनी हरवलं असतं तर माणूस शिव्या तरी देतो. इथे शिव्या द्यायच्या कोणाला? आपल्याला सगळं मान्य होतं.

आईंना फोनवर कळलंच होतं. भाऊ आत येऊन नुसते उभे राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. मला काय, एकदाच जायचंय खाली. जाईन चौघांच्या..." आणि लेकाचा चेहरा बघून त्या थांबल्या. तो विनोद त्यांनी पहिल्यांदाच अर्धा सोडला.

भाऊंना मात्र उरलेला अर्धा रात्रभर ऐकू येत राहिला. चौघं. ठराव नको, बहुमत नको. चौघं पुरेत, आणि त्यासाठी माणूस मरायलाच हवा असं कुठे लिहिलंय?

रविवारी सकाळी भाऊंनी बैठक बोलावली नाही. सरळ कमिटीच्या खोलीतून डॉक्टरांची खुर्ची उचलली, कंत्राटदार आणि प्रोफेसर यांना दारातून बोलावून घेतलं, आणि चौथ्या मजल्यावर नेली. आई नवं लुगडं नेसून, हातात बटवा घेऊन तयार होत्या. एवढ्या लवकर त्या कशा तयार झाल्या, कोण जाणे. बहुधा दोन वर्षं तयारच असाव्यात. बायकोने खुर्चीत उशी ठेवली, कमरेला चादर बांधली.

खुर्चीचे पाय चार आणि माणसं तीन. कंत्राटदार म्हणाले, "मेव्हण्याला बोलावतो." प्रोफेसर म्हणाले, "एका घरातले दोघं एकाच बाजूला नकोत, तोल जाईल." कंत्राटदार म्हणाले, "मग काय तुमच्या बाईंना बोलवू?" आई खुर्चीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

तेवढ्यात आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरून रात्रपाळीवाले वर आले. नुकतेच ड्युटीवरून आले होते, डबा अजून हातातच होता. त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि खुर्चीचा चौथा पाय धरला.

"मी लिफ्टला नको म्हटलं," ते म्हणाले. "आजींना नको नाही म्हटलं. चला, मला झोपायचंय."

मिरवणूक निघाली. प्रत्येक वळणावर प्रोफेसर 'डावीकडे' म्हणत आणि कंत्राटदार 'उजवीकडे', आणि आई वरून म्हणत, "मागच्यांनी उचला, पुढच्यांनी बोलू नका." पेन्शनर दार उघडून बघत होते. त्यांनी न बोलता पुढे होऊन जिन्यातली कुंडी बाजूला केली. हेडमिस्ट्रेस बाई म्हणाल्या, "सावकाश. रांगेत." आई मात्र प्रत्येक मजल्याला थांबवत होत्या. हे दार कोणाचं, रंग कधी दिला, इथली लग्न झालेली ती पोर कुठे असते. भाऊंचे हात भरून आले होते, आणि डोळेही.

बाकावर अध्यक्षांच्या आई बसल्या होत्या. खुर्ची त्यांच्याशेजारी टेकवली.

"केवढी वाळलीस गं," अध्यक्षांच्या आई म्हणाल्या.

"आणि तू केवढी फुगलीस. फोनवर कळत नव्हतं."

मग ज्या बोलायला लागल्या त्या लागल्या. रोज फोनवर सगळं सांगून झाल्यावर आणखी काय उरलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

जेवणं झाल्यावर, रात्रपाळीवाल्यांची एक झोप झाल्यावर, चौघे पुन्हा जमले. आता वर न्यायचं होतं. अध्यक्षही येऊन उभे राहिले. आपल्या आईला आत नेण्यासाठी आले होते, पण तिला हात लावायची त्यांची छाती होईना. प्रोफेसर म्हणाले, चढताना आजींचं तोंड खालच्या बाजूला हवं. कंत्राटदार म्हणाले, वरच्या. प्रोफेसरांनी गुरुत्वाकर्षण काढलं, कंत्राटदारांनी सिमेंटची पोती काढली. बराच वेळ चाललं. शेवटी रात्रपाळीवाले जांभई देत म्हणाले, "दोन मजले असं नेऊ, दोन तसं." आणि काय चमत्कार, प्रोफेसरांनी मान डोलावली. कंत्राटदारांनीही डोलावली. दोघांनी बाह्या सरसावल्या.

"मग एकमत झालं," प्रोफेसर म्हणाले. "भाऊंचा काही प्रश्न नाही."

भाऊंनी आईकडे बघितलं. झाडाची सावली आता कुठे बाकावर आली होती. आई काहीतरी सांगत होत्या आणि अध्यक्षांच्या आई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"मला मान्य नाही," भाऊ म्हणाले.

प्रोफेसरांनी बाह्या पुन्हा खाली केल्या. "काय मान्य नाही?"

"ते अजून ठरलेलं नाही," भाऊ म्हणाले, आणि बाकाशेजारी कठड्यावर ऐसपैस बसले. "पण एक जण जरी नको म्हणाला, तरी नको. नियम आहे."

अध्यक्षांच्या आईंनी विचारलं, "काय गं, न्यायला आलेत का तुला?"

आईंनी मागे वळूनही बघितलं नाही. "छे गं," त्या म्हणाल्या, "बैठक चाललीय त्यांची. तू सांग."